जर-तरचा हिशेब : जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा आणि आपण

मुस्लिम मराठी साहित्याच्या व्यासपीठावर विज्ञानकथेचा विषय क्वचितच निघतो. आत्मकथन, ग्रामीण कथा, गझल, वैचारिक लेखन यांवर आपल्याकडे परिसंवाद झडतात आणि ते झडायलाच हवेत. कारण जगण्याचे प्रश्न तिथे थेट भिडतात. विज्ञानकथा मात्र सुस्थित शहरी वर्गाची करमणूक म्हणून आपण बाजूला ठेवत आलो. आम्हांला ही समजूत तपासून पाहावीशी वाटते. डॉ. जयंत विष्णू नारळीकर यांचे २० मे २०२५ रोजी पुण्यात निधन झाले. त्यानंतर जे लिहिले-बोलले गेले, त्यात साहजिकच शास्त्रज्ञ नारळीकरांवर भर राहिला. कथाकार नारळीकरांनी आपल्याला, म्हणजे महाराष्ट्रातील मराठी बोलणाऱ्या मुसलमानांना, काय दिले याचा विचार आपणच केला पाहिजे. तो दुसरा कोणी करणार नाही.

आम्ही भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांतले वाचक. वेल्ह्याला आता राजगड तालुका म्हणू लागले आहेत. डोक्यावर तोरणा आणि राजगड, बाजूला रोहिडा, खाली नीरा, वेळवंडी, गुंजवणीची खोरी. इथल्या गावागावांत मुलाणी, तांबोळी, आतार, शेख यांची घरे आहेत. इतिहास आमच्याकडे पुस्तकात नसतो, तो खिडकीतून दिसतो. त्यामुळेच इतिहासाचे ओझेही आमच्या मुलांना लवकर कळते. वर्गात पानिपतचा धडा सुरू झाला की दोन-चार माना मागच्या बाकाकडे वळतात. 'तुम्ही कोणाकडून लढलात?' हा प्रश्न कोणी मोठ्याने विचारत नाही, पण तो हवेत असतो. नारळीकरांची एक कथा या प्रश्नाला असे उत्तर देते की प्रश्नच खोटा ठरतो. या लेखात त्या कथेला मध्यवर्ती ठेवण्याचे कारण हेच आहे.

कथाकाराची घडण

विसाव्या शतकाच्या मध्याला इंग्रजीत विज्ञानकथा बहरात होती. केंब्रिजमध्ये नारळीकरांचे गुरू असलेले खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांची 'द ब्लॅक क्लाउड' ही कादंबरी १९५७ सालची. आपल्याकडे त्या सुमारास भा. रा. भागवत ज्यूल व्हर्नची पुस्तके मुलांसाठी मराठीत आणत होते आणि पुढे नारायण धारपांनी गूढकथेबरोबरच विज्ञानाच्या कल्पनाही हाताळल्या. पण प्रत्यक्ष संशोधन करणारा शास्त्रज्ञ मराठीत कथा लिहितो आहे, हे चित्र दुर्मीळ होते. हॉईल यांच्याकडून नारळीकरांनी विश्वरचनेचा अभ्यास जसा घेतला, तसेच शास्त्रज्ञाने गोष्ट सांगायला कचरू नये, हेही घेतले.

१९७४ साली मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथांची स्पर्धा घेतली. नारळीकरांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, पण स्वतःच्या नावाने नाही. आपल्या नावाची आद्याक्षरे उलटी करून त्यांनी 'नारायण विनायक जगताप' हे नाव घेतले. अक्षर ओळखले जाऊ नये म्हणून कथेची प्रत पत्नी मंगलाताईंनी काढली. कथेला पहिले पारितोषिक मिळाले. पद्मभूषण मिळून नऊ वर्षे झालेला शास्त्रज्ञ नवख्या लेखकांच्या रांगेत बिननावाने उभा राहतो, ही गोष्ट आम्हांला साधी वाटत नाही. नावावरून माणसाचे मोजमाप होते, हा अनुभव आपल्या समाजाला रोजचा आहे. मग तो भाड्याचे घर शोधताना असो वा नोकरीचा अर्ज भरताना. नारळीकरांचे नाव त्यांच्या बाजूचे होते, तरीही त्यांनी ते बाजूला ठेवले आणि कथेला तिच्या गुणांवर उभे राहू दिले. १९७५ च्या कराड साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवतांनी त्यांच्या विज्ञानकथेची दखल घेतली. पुढे 'यक्षांची देणगी', 'अंतराळातील भस्मासुर' हे कथासंग्रह आले. २०२१ साली नाशिकला झालेल्या चौऱ्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांना मिळाले. विज्ञानकथेला मराठी साहित्याच्या ओसरीवरून माजघरात यायला सत्तेचाळीस वर्षे लागली, असे म्हणायला हरकत नाही.

एक गोळी, दोन इतिहास

'गंगाधरपंतांचे पानिपत' ही त्यांची कथा अनेकांनी वाचली असेल. तिचे इंग्रजी रूप 'द ॲडव्हेंचर' या नावाने एनसीईआरटीच्या अकरावीच्या इंग्रजी पुस्तकात आले आणि देशभरच्या मुलांपर्यंत पोचले. पुढचे तपशील आम्ही त्या रूपावरून देत आहोत.

प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे इतिहासाचे अभ्यासक आहेत. पानिपतच्या लढाईचा विचार डोक्यात असतानाच त्यांची एका ट्रकशी टक्कर होते आणि ते वेगळ्याच जगात जाऊन पडतात. त्या जगात १४ जानेवारी १७६१ ची लढाई मराठ्यांनी जिंकलेली आहे. फरक किती? एका गोळीचा. आपल्या इतिहासात विश्वासरावांना गोळी लागली आणि सैन्याचा धीर सुटला. त्या जगात तीच गोळी त्यांच्या कानाजवळून निघून गेली. बाकी सारे पुढे त्यातून उलगडत जाते. कंपनी सरकारचे बस्तान मुंबई, कलकत्ता, मद्रास एवढ्यापुरते आक्रसते. पुण्याचे राज्यकर्ते युरोपातील नव्या यंत्रयुगाची चाहूल ओळखतात आणि स्वतःची विज्ञानकेंद्रे उभारतात. विसाव्या शतकात देश लोकशाहीकडे वळतो. मुंबई तेवढी इंग्रजांकडे भाडेपट्ट्याने उरते. तो पट्टा १९०८ च्या तहाप्रमाणे २००१ साली संपायचा असतो.

अशी कल्पना दुसऱ्या कोणाच्या हाती पडली असती तर काय झाले असते, हे सांगायला नको. पानिपतचा सूड, अब्दालीच्या निमित्ताने साऱ्या मुसलमानांचा हिशेब, भगव्या झेंड्याखालचा एकरंगी देश, असला मजकूर आपण कमी वाचलेला नाही. नारळीकर त्या वाटेने गेले नाहीत. त्यांच्या जगात विजयी पेशवे दिल्लीची बादशाही बुडवत नाहीत. राजकीय सोय म्हणून ती राहते आणि लोकशाही आल्यावरही दिल्लीचा शहेनशहा संसदेच्या शिफारशींवर शिक्का उमटवणारा नामधारी प्रमुख म्हणून टिकतो. इंग्लंडच्या राजाचे जे झाले तेच दिल्लीच्या बादशहाचे. इतिहासाच्या ओघात सत्ता जाते, माणसे जात नाहीत, हे लेखकाने किती सहज सांगितले आहे!

याहून महत्त्वाचे पात्र म्हणजे आगगाडीतले खानसाहेब. गंगाधरपंत पुण्याहून जिजामाता एक्स्प्रेसने मुंबईला निघतात. शेजारी खानसाहेब बसलेले असतात. ते मुंबईहून फ्रंटियर मेल पकडून दिल्ली, लाहोर आणि तिथून पेशावरला जाणार आहेत. परवा पोचतील. वाटेत ते आपल्या धंद्याबद्दल बोलतात आणि पंत ऐकतात. बस, इतकेच. पण हे 'इतकेच' नीट वाचायला हवे. त्या जगात पेशावरला जाणारा मुसलमान हा व्यापारी प्रवासी आहे. त्याला कोणी निष्ठा विचारत नाही. लाहोर हे वाटेवरचे स्टेशन आहे. फाळणी हा शब्द कथेत काढावाही लागत नाही. तिची गरजच पडलेली नाही. मराठ्यांनी पानिपत जिंकले त्या जगात खानसाहेब आणि पंत एकाच डब्यात बसून निवांत बोलत आहेत. लेखकाने यावर एक अक्षर भाष्य केलेले नाही. आमच्या मते कथेचे सर्वांत मोठे विधान हेच आहे.

सरहद नावाचे स्टेशन

या गाडीच्या वाटेवर 'सरहद' नावाचे स्टेशन लागते. तिथे इंग्रजांचा मुलूख सुरू होतो आणि गणवेशातला अधिकारी परवाने तपासतो. पुण्या-मुंबईच्या वाचकाला ही कल्पना गमतीची वाटते. भोर-वेल्ह्याच्या वाचकाला ती ओळखीची वाटते.

राजाराम महाराजांच्या काळात शंकराजी नारायण यांच्याकडे सचिवपद आले आणि त्यांच्या घराण्याचे भोर संस्थान पानिपतनंतरही टिकले, पेशवाई बुडाल्यावरही टिकले, थेट १९४८ पर्यंत टिकले. राजगड आणि प्रचंडगड म्हणजे तोरणा हे याच संस्थानात होते. १८७९ साली भोर संस्थानाने स्वतःची टपाल तिकिटे काढली होती. पुण्याहून साताऱ्याच्या रस्त्याने येऊन कापूरहोळला वळलेला माणूस इंग्रजी अमलातून संस्थानी अमलात येत असे. आमच्या आजे-पणज्यांनी एकाच आठवड्याच्या बाजारासाठी दोन राज्ये ओलांडली आहेत. हद्द ही देवाने आखलेली नसते, तहाने आणि करारांनी आखलेली असते. ती येते तशी जातेही. भोरचा राजवाडा आज सिनेमावाल्यांच्या उपयोगी पडतो, आणि त्या काळची प्रजा हिंदू असो वा मुसलमान, भारताची नागरिक आहे. नारळीकरांनी कल्पनेने जे रंगवले त्याचा लहानसा नमुना आमच्या मातीत खरोखर घडून गेला आहे. म्हणूनच ही कथा आम्हांला परकी वाटत नाही.

पानशेत आणि आकस्मिकाचे गणित

गंगाधरपंत आपल्या जगात परततात तेव्हा त्यांच्या खिशात त्या दुसऱ्या जगातल्या बखरीचे एक पान असते. त्याचा उलगडा त्यांचे मित्र राजेंद्र देशपांडे करतात. आधार दोन : आकस्मिक उत्पाताचा सिद्धान्त आणि पुंजभौतिकी. पहिला सांगतो की एखादी व्यवस्था तोल सांभाळून उभी असते आणि एका लहानशा धक्क्याने ती एकदम दुसऱ्या स्थितीत जाते. दुसरी सांगते की सूक्ष्म कणांच्या पातळीवर काय घडेल हे निश्चित सांगता येत नाही, केवळ शक्यता सांगता येतात. तेव्हा घडलेल्या शक्यतेबरोबर न घडलेल्याही कुठेतरी नांदत असतील. मराठी मासिकाच्या वाचकाला हे पचवणे सोपे नव्हते. नारळीकरांनी ते रणांगणावरच्या गोळीला बांधले, म्हणून ते समजले.

आमच्याकडे यासाठी रणांगणापर्यंत जायला नको. वेल्हे तालुक्यातले पानशेत धरण १२ जुलै १९६१ रोजी सकाळी फुटले. त्या पाण्याने खडकवासल्याचे धरणही गेले आणि पुण्यात हाहाकार उडाला. पण धरण खचू लागल्यावर लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली, म्हणून ते काही तास तग धरून राहिले आणि लोंढा पुण्यात दिवसाउजेडी शिरला. तोच मध्यरात्री आला असता तर किती माणसे अंथरुणातच गेली असती? पोत्यांच्या त्या रांगा म्हणजे आमच्या तालुक्यातली 'कानाजवळून गेलेली गोळी' होय. धरण फुटले हा इतिहास. ते केव्हा फुटले यात हजारोंचे आयुष्य.

इतिहासाकडे असे पाहायला लागले की एक मोठे जळमट दूर होते. विजय हा कोणाच्या रक्ताचा गुण नाही आणि पराजय हा कोणाच्या धर्माचा दोष नाही. तसे असते तर गोळीच्या जाडीएवढ्या अंतराने निकाल फिरला नसता. पानिपतच्या मैदानात तर बाजूही धर्माने ठरलेल्या नव्हत्या. मराठ्यांच्या तोफखान्याचा सरदार इब्राहिमखान गारदी होता. अब्दालीच्या बाजूला नजीबखान रोहिल्याबरोबर अयोध्येचा नवाब शुजाउद्दौला होता आणि शुजाच्या फौजेत गोसाव्यांची पथके होती. लढाईची महत्त्वाची हकीकत लिहून ठेवणारा काशीराज पंडित हाही शुजाच्याच पदरी. 'तुम्ही कोणाकडून लढलात?' असे विचारणाऱ्याला एवढे सांगितले तरी पुरे. नारळीकरांची कथा त्याच्या पुढे जाते. ती म्हणते, कोण कोणाकडून लढले याचा हिशेब मांडण्याआधी हे बघा की हा हिशेब किती बारीक धाग्यावर लोंबकळत होता.

श्रद्धेला न दुखावता

नारळीकरांच्या इतर कथांतही हाच स्वभाव दिसतो. 'धूमकेतू'मध्ये एका हौशी बंगाली आकाशनिरीक्षकाला, दत्तदांना, नवा धूमकेतू सापडतो. तो पृथ्वीवर आदळण्याचा धोका निर्माण होतो आणि शास्त्रज्ञ अण्वस्त्रांचा मारा करून त्याची वाट बदलतात. इकडे दत्तदांच्या घरी धूमकेतूच्या शांतीसाठी यज्ञ चालतो. संकट टळल्यावर घरच्यांना वाटते, यज्ञ फळला. लेखक इथे कोणाची टर उडवत नाही. विज्ञानाने जग वाचवले तरी घरातले मन बदलत नाही, ही खंत तो आपल्यापुढे ठेवतो. 'उजव्या सोंडेचा गणपती'मध्ये डाव्याचे उजवे होण्याचे कोडे मोबियसच्या पट्टीने सोडवले आहे. मूर्तीला धक्का नाही, भूमितीलाही नाही. मुंबईवर बर्फ पडू लागतो त्या हिमप्रलयाच्या कथेत माणसाला आपल्या बेफिकिरीची किंमत मोजावी लागते.

'धूमकेतू' वाचताना आम्हांला हदीसमधला एक प्रसंग आठवतो. पैगंबर साहेबांचा लहानगा मुलगा इब्राहिम वारला त्या दिवशी सूर्यग्रहण लागले. लोक म्हणू लागले की मुलाच्या दुःखाने सूर्य काळवंडला. पैगंबरांनी शोकातही त्यांना अडवले : सूर्य-चंद्राला कोणाच्या जन्ममरणाने ग्रहण लागत नाही. ही शिकवण ज्यांच्या घरात आहे त्यांच्याच घरात गंडे-तावीज, झाडफूक आणि ग्रहणात गरोदर बाईला कोंडून ठेवणे चालते, याचे दुःख कोणाला सांगावे? १०५४ साली वृषभ राशीत झालेल्या ताऱ्याच्या स्फोटाची नोंद चिनी ज्योतिष्यांनी जशी केली तशी बगदादचा वैद्य इब्न बुतलान यानेही केली होती. भारतीय ग्रंथांत तशी नोंद मिळते का, याचा शोध स्वतः नारळीकरांनी घेतला होता. अल्देबरान या ताऱ्याचे नाव आजही अरबी आहे. आकाश पाहणाऱ्यांच्या या परंपरेशी आपले नाते तुटले ते कोणी तोडले नाही, आपणच सोडले. दत्तदांच्या घरातली खंत म्हणूनच आमच्याही घरची आहे.

उणिवा

गुणगान करताना डोळे मिटून घेणे हे आम्हांला मान्य नाही. नारळीकरांची पात्रे पुष्कळदा कल्पना वाहून नेणारे हमाल होतात. देशपांड्यांसारखा मित्र शेवटी येऊन समजावून सांगतो आणि गोष्ट संपते. स्त्रिया बहुधा घरात असतात आणि शंका विचारतात. भाषा स्वच्छ आहे, पण तिला मातीचा वास कमी आहे. मावळातला शेतकरी, कोळी, मुलाणी या जगात फारसा फिरकत नाही.

आमचे मुख्य म्हणणे निराळे आहे. खानसाहेबांना लेखकाने डब्यात सन्मानाने बसवले, पण नाव दिले नाही, घर दिले नाही. ते 'खानसाहेब'च राहिले, जसे मराठी कथेत कितीतरी वर्षे 'चाचा' आणि 'मियाँ' राहिले. पानिपतच्या विजयाच्या केंद्रस्थानी विश्वासराव आहेत, इब्राहिमखान नाही. ज्याने फ्रेंच पद्धतीची कवायती पलटण आणि तोफा घेऊन अब्दालीला तोंड दिले, जो जखमी होऊन पकडला गेला आणि मारला गेला, तो पराभवाच्या इतिहासात होता तसाच विजयाच्या कल्पनेतही कडेला राहावा, ही चुटपुट मनाला लागून राहते. यात लेखकाचा आकस मुळीच नाही. ज्याच्या घरात जी आठवण तिच्यावर तो कथा रचतो. मग आपल्या आठवणींवर कथा कोणी रचायची?

आता आपली पाळी

'पानिपत होणे' हा मराठीत सर्वनाशाचा वाक्प्रचार आहे. नारळीकरांनी शीर्षकात त्याच्याशी खेळ केला. आझाद मैदानावरच्या सभेत अध्यक्षाची रिकामी खुर्ची पाहून पंतांना मोह आवरत नाही. त्या जगाने अध्यक्षीय भाषणे केव्हाच मोडीत काढली आहेत, म्हणून श्रोते त्यांची दाणादाण उडवतात आणि पंतांचे खरोखर पानिपत होते. पण जिथे ती लढाई जिंकली गेली, तिथे 'पानिपत होणे' म्हणजे दिग्विजय होणे असाच अर्थ रूढ झाला असेल, हाही विचार त्या शीर्षकाने सुचतो.

हाच विचार आपण आणखी एका शब्दाला लावून पाहू. १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि 'गारदी' हा शब्द मराठीत मारेकऱ्याचा पर्याय होऊन बसला. त्या कटात सुमेरसिंग होता, खरकसिंग होता, तसा महंमद इसफही होता. गारदी ही जात नव्हती, धर्म नव्हता, ती पलटणीतली नोकरी होती. पण शब्दाला डाग लागला आणि बारा वर्षांपूर्वी पानिपतावर इमान राखून मेलेला इब्राहिमखान त्या डागाखाली झाकला गेला. विश्वासरावांच्या कानाजवळून गोळी निघून गेली त्या जगात इब्राहिमखानही जिवंत परतला असेल. पुण्यात त्याचे स्वागत झाले असेल, त्याच्या नावाची पेठ वसली असेल. त्या जगातली आई आपल्या मुलाला 'गारद्यासारखा इमानी हो' म्हणत असेल.

ही कथा अजून लिहिली गेलेली नाही. ती लिहायला खगोलशास्त्रज्ञ असावे लागत नाही. नारळीकरांनी घालून दिलेला नियम पाळला तरी पुष्कळ : गोष्ट एकच बदलायची, आणि मग जे आपल्याला आवडेल ते नव्हे तर जे घडेल ते प्रामाणिकपणे लिहायचे. एका गोष्टीपेक्षा जास्त बदलल्या की ती विज्ञानकथा राहत नाही, ते स्वप्नरंजन होते किंवा सूड होतो. आपल्या तरुण लेखकांनी हा नियम घेऊन भाटघरच्या पाण्याखाली गेलेल्या शिवारांवर लिहावे, संस्थान विलीन झाले नसते तर काय, यावर लिहावे, तोरण्याच्या पायथ्याच्या मुलाणीवाड्यात आलेल्या पहिल्या दुर्बिणीवर लिहावे. आणि कोणीतरी त्या आगगाडीत पुन्हा चढून खानसाहेबांना त्यांचे नाव विचारावे.